दोन इयत्ता खाली

आमच्या गावच्या शाळेला दोन खोल्या आणि एकच गुरुजी. दुसरे गुरुजी यायचे होते, ते कधी आलेच नाहीत. गुरुजी कामासाठी तालुक्याला गेले की शाळा अक्काच्या हवाली असायची. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, सातवीत. मी दुसरीत. ती फळ्यावर आमच्यासाठी बेरजा लिहायची, चौथीच्या पोरांकडून कविता म्हणून घ्यायची आणि दंगा केला की मलाही सगळ्यांसारखीच छडी मारायची. घरी गेल्यावर मी मायकडं तक्रार केली की माय म्हणायची, "शाळेतली गोष्ट शाळेत ठिवायची."

जळकोटच्या अलीकडं, माळरानावर वसलेलं आमचं गाव. त्या वर्षी पावसानं सलग दुसऱ्यांदा पाठ फिरवली होती. बौद्धवाड्याच्या आडात आधी गाळ उरला, मग तोही सुकला. माय आणि दादा, म्हणजे माझे वडील, रोजगार हमीवर खडी फोडायला जायचे, आणि ते काम बंद पडलं तेव्हा गावात करायला काहीच राहिलं नाही. लातूर तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता. माझा मामा तिथं एका कचेरीत शिपाई म्हणून लागला होता. त्यानं निरोप पाठवला की इथं इमारती उठायल्यात, रखवालीचं काम हाय, राहायला जागा बी देतेत, या.

दादा दाखले काढायला शाळेत गेले तेव्हा आम्ही दोघी सोबत होतो. गुरुजींनी माझा दाखला पटकन लिहून दिला. अक्काचा लिहिताना मात्र ते मध्येच थांबले.

"सातवी हितंच करू दे की तिला. माझ्या घरी ऱ्हाईल," गुरुजी म्हणाले.

"वयात आलेली पोरगी हाय गुरुजी," दादा म्हणाले. "आन् तिथं मोठी शाळा हाय म्हनतेत."

"मग एक ध्यानात ठिवा. ही मॅट्रिक होनारी पोरगी हाय. मधी कुठं तोडू नका."

"न्हाई तोडत," दादा म्हणाले. आणि त्या वेळी ते खरंच बोलत होते.

लातूरला आमचं घर म्हणजे पत्र्याचं शेड. साहेब लोकांची क्वार्टर्स बांधायचं काम चालू होतं, त्याच आवारात. दादा रखवालीला, माय दिवसभर घमेल्यावर. सगळं शहरच जणू नुकतं आल्यासारखं होतं. कचेऱ्या भाड्याच्या घरांत भरलेल्या, पाट्यांचा रंग ओला, बदलीवर आलेले साहेब आणि कारकून खोल्या शोधत हिंडणारे. आणि दुसऱ्या बाजूनं आमच्यासारखे, बोचकी घेऊन एसटीतून उतरणारे. दोघंही बाहेरचेच आणि दोघांचीही पोरं त्याच महिन्यात शाळेच्या दारात उभी राहिली.

आम्ही गेलो त्या दिवशी व्हरांड्यात आमच्या पुढं एक बाई मुलीला घेऊन बसल्या होत्या. नवरा कुठल्यातरी नव्या कचेरीत अधिकारी. मुलगी अक्काच्याच वयाची, सातवीचीच. हेडमास्तरांनी तिला एक गणित घातलं, ते तिला आलं नाही. दुसरं घातलं, तेही नाही. दार उघडंच होतं, आम्हाला सगळं ऐकू येत होतं. हेडमास्तर हसले आणि म्हणाले, "असू द्या. जागा नवी आहे, रुळेल हळूहळू." मुलगी सातवीच्या अ तुकडीत गेली. त्यांच्यासाठी चहा आला होता, कपबशा आमच्यासमोरून आत गेल्या आणि रिकाम्या बाहेर आल्या.

मग आम्हाला बोलावलं. हेडमास्तर बोलायला मऊ होते. त्यांनी कधी आवाज चढवलेला मी पुढंही ऐकला नाही. त्यांनी अक्कापुढं मराठीचं पुस्तक ठेवलं. अक्कानं धडा घडाघडा वाचला. त्यांनी तेच गणित घातलं, जे आधीच्या मुलीला आलं नव्हतं. अक्कानं ते तोंडी सोडवलं. दादांनी माझ्याकडं बघून भुवई उडवली. मग हेडमास्तरांनी इंग्रजीचं पुस्तक उघडलं.

अक्का त्या पानाकडं बघत राहिली.

"हे सोड. हे पाचवीचं घे," ते म्हणाले. तेही तिला वाचता आलं नाही. अक्षरं ओळखायची ती, मोठी वेगळी, बारकी वेगळी. त्यापुढं आमच्या गावात कुणी गेलं नव्हतं.

"पाचवीत बसेल ही," हेडमास्तर कारकुनाला म्हणाले.

दादांना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "साहेब, ती सातवी जमातीत हाय. गुरुजीनं लिहून दिलंय की."

कारकून फिस्कन हसला. वर्गाला 'जमात' म्हणायची दादांची निजामाच्या वेळची सवय होती. हेडमास्तर हसले नाहीत. ते म्हणाले, "इथं जमात नसते हो, इयत्ता असते. खेड्यातली सातवी म्हणजे आमची पाचवीच. मी तुमच्या मुलीच्या भल्याचंच सांगतोय. सातवीत बसवली तर नापास होईल, आणि आमचा निकालही खाली येईल."

दादांनी दाखला पुढं सरकवला. नव्या गावात, नव्या कामावर, कुणाशी भांडायचं? मला मात्र दुसरीतच ठेवलं. दुसरीत इंग्रजी नव्हतं, म्हणून मी वाचले. एवढाच तो फरक होता. ती तेरा वर्षांची होती आणि मी सात.

पाचवीचा वर्ग दहा वर्षांच्या पोरांनी भरलेला. त्यात अक्का सगळ्यांत उंच. बाकावर तिचे गुडघे मावायचे नाहीत म्हणून तिला मागं जमिनीवर बसवलं. वर्गाच्या बाई पहिल्या दिवशीच म्हणाल्या, "या आजीबाई, तुमची नातवंडं वाट बघतायत." पोरांना तेवढंच हवं होतं. त्यानंतर अक्काला कुणी तिच्या नावानं हाक मारलीच नाही. मधल्या सुट्टीत बारकी बारकी पोरं तिच्यामागून "आजी, गोष्ट सांग" म्हणत पळायची. एकदा तिनं एकाचा हात धरला, नुसता धरला, मारला नाही. त्याची आई दुसऱ्या दिवशी शाळेत आली. अक्काला दिवसभर व्हरांड्यात उभं केलं. सातवीच्या अ तुकडीतली ती अधिकाऱ्याची मुलगी तिथून मैत्रिणींबरोबर गेली आणि जाताना तिनं अक्काला पायापासून डोक्यापर्यंत बघून घेतलं.

शाळेलाही पाणी नव्हतं. टँकर यायचा, तो मधल्या सुट्टीच्या आधी. पाइप लावून हौद भरायला, मग हौदातून वर्गावर्गातल्या रांजणांत पाणी टाकायला पोरी लागायच्या. बाईंनी पहिल्याच आठवड्यात अक्काला आणि आमच्यासारख्याच आणखी दोन मोठ्या पोरींना त्या कामाला लावलं. "तुम्हाला सवय आहे," असं म्हणाल्या. खरंच होती. अक्का दोन बादल्या अशा उचलायची की पाणी हिंदकळायचं नाही.

आणि पाचवीला त्याच वेळी इंग्रजीचा तास असायचा.

अक्कानं बाईंना विचारलं होतं. ती मला घरी येऊन सांगायची, मी लहान असले तरी, कारण सांगायला दुसरं कुणी नव्हतं. ती म्हणाली होती, "बाई, पाणी मधल्या सुट्टीत भरलं तर चालंल का? माझा इंग्रजीचा तास जायलाय." बाई म्हणाल्या, "टँकर काय तुझ्या सोयीनं येणार का?" मग चाचणी परीक्षा झाली. इंग्रजीत अक्काला काहीच आलं नाही. बाईंनी तिचा पेपर सगळ्या वर्गाला वर धरून दाखवला आणि म्हणाल्या, "बघा, एवढी मोठी घोडी, आणि हिला 'गाय' लिहिता येत नाही. हेडसर उगीच नव्हते म्हणाले." ज्या पोरीला त्या तासाला त्यांनी कधी वर्गात बसूच दिलं नव्हतं, तिच्याबद्दल हे बोलताना त्यांना काही वाटलं नाही. मला आजवर कळलेलं नाही, त्यांच्या लक्षात आलं नव्हतं की आलं होतं.

माझं वेगळं चाललं होतं. माझ्या दुसरीच्या बाई तरुण होत्या, मला जवळ घ्यायच्या. मी त्यांच्यासारखं बोलायला लागले. 'न्हाई'चं 'नाही' झालं, 'हाय'चं 'आहे'. एक दिवस घरी येऊन मी म्हणाले, "आई, मला भूक लागली आहे." माय खळखळून हसली, तिला गंमत वाटली. अक्कानं मात्र फाडकन माझ्या थोबाडीत मारली.

"हितं मायला माय म्हनायचं," ती म्हणाली. "तिथं काय भुंकायचंय ते भुंक."

त्या दिवसापासून मी दोन बोल्या बोलत आले. शाळेत एक, घरात एक. अक्काला ते कधी जमलं नाही, की तिला ते करायचंच नव्हतं. वाचताना तिनं 'लई' म्हटलं की वर्ग हसायचा, आणि ती पुढच्या ओळीत मुद्दाम पुन्हा म्हणायची.

हिवाळा संपत आला तसा एक दिवस अक्का लवकर घरी आली. चेहरा उजळलेला. म्हणाली, "मला पाण्यावरून काढलं. उद्यापासून तासाला बसाया मिळंल." तिनं माझ्या हातातलं काम घेतलं, मला केस विंचरून दिले, जे ती बरेच दिवस करत नव्हती. मायनं विचारलं, "का गं काढलं?" अक्काला ठाऊक नव्हतं. बाई एवढंच म्हणाल्या होत्या, तुम्ही पोरींनी उद्यापासून पाण्याला हात लावायचा नाही.

मायच्या हातातली परात तशीच राहिली. तिला कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी इंग्रजीच्या तासाला अक्का वही काढून बसली. बाई म्हणाल्या, "तू नाही. तू आणि त्या दोघी, मुतारीकडं बघा जरा. तुम्हाला पाण्याऐवजी आता ते काम." अक्का संध्याकाळी घरी आली ती सरळ भिंतीकडं तोंड करून पडली.

माय दुसऱ्या दिवशी कामावर गेली नाही. मला घेऊन शाळेत आली. तिनं लुगडं बदललं होतं, एवढंच. हेडमास्तरांनी तिला बसायला सांगितलं, पण ती उभीच राहिली.

"गुरुजी, माझी पोरगी पानी भरायली हुती, तवा समद्या शाळेला आमचे हात चालले," माय म्हणाली. "इतके महिने चालले. आता काय झालं हाताला?"

हेडमास्तर म्हणाले, "मी असलं काही मानत नाही हो. माझ्या घरी येऊन बघा. पण पालक येतात, बोलतात. चार चांगल्या घरची मुलं शाळेतून गेली तर शाळेचं नुकसान होतं. तुम्ही समजून घ्या."

"मी समजून घेतलंय. आमची पोरं मुतारी धुवाया आली न्हाईत, शिकाया आलीत."

"शिकवतोच आहोत ना. पण तुमची मुलगी जरा मंद आहे. आता बघा, पाचवीचं इंग्रजीसुद्धा..."

"ती तासाला बसली का एक दिवस तरी?"

हेडमास्तरांनी माझ्याकडं बघून हात पुढं केला, माझ्या डोक्यावर थोपटलं आणि म्हणाले, "ही मात्र हुशार आहे हं तुमची. किती शुद्ध बोलते. हिच्याकडं लक्ष द्या." माय माझं मनगट धरून बाहेर आली. तिनं ते इतकं घट्ट धरलं होतं की मला रडू आलं.

अक्काला मुतारीच्या कामातून काढलं. सगळ्यातूनच काढलं, म्हणजे तिच्याकडं कुणी बघेनासंच झालं. ती तासाला बसायची आणि बाई तिला प्रश्न विचारायच्या नाहीत. ती त्या उरलेल्या दिवसांत जेवढं शिकता येईल तेवढं शिकली. पहाटे उठून शेडबाहेर सिमेंटच्या गोण्यांवर बसून धडे मोठ्यानं म्हणायची. पण उच्चार सांगायला कुणी नव्हतं. ती अक्षरं मराठीसारखी, जशी दिसतील तशी वाचायची. मला तेव्हा हसू यायचं, आणि पुढं मी स्वतः पाचवीत गेले तेव्हा कळलं की तिनं सगळं पुस्तक चुकीचं पाठ केलं होतं.

निकालाच्या दिवशी पटांगणात पास झालेल्यांची नावं वाचली. पाचवीची यादी संपली. अक्का वाट बघत उभी राहिली, सहावीची वाचायला सुरुवात झाली तरी. मग ती रांगेतून निघाली. मी दुसरीत पहिली आले होते. बक्षीस म्हणून मिळालेली कंपासपेटी मी पोलक्यात लपवून घरी आणली.

दादा त्या दिवशी प्यायलेले नव्हते, रागावलेलेही नव्हते. सकाळी कामावर निघताना बोलावं तसं म्हणाले, "पुन्हा पाचवीत बसनार का? म्हातारी हुशील तिथं. त्यापरीस कामावर चल."

"गुरुजीला तुम्ही काय म्हनला हुतात?" अक्कानं विचारलं.

"म्हनलो असंल. तवा मला काय ठावं?" दादा म्हणाले आणि टॉवेल झटकून निघून गेले. माय चुलीपुढून उठली नाही. दुसऱ्या दिवसापासून अक्का घमेल्यावर जायला लागली.

काही महिन्यांनी गावचे गुरुजी लातूरला आले. आधी त्यांना पगाराच्या, निवृत्तीच्या कामाला उस्मानाबादला जावं लागायचं. आता जिल्हा परिषद लातुरात झाली होती. कचेरीतलं काम उरकून ते आमचा पत्ता विचारत बांधकामावर आले. अक्का डोक्यावर वाळूचं घमेलं घेऊन फळीवरून वर चालली होती. गुरुजी खाली उभे.

"काय करायलीस गं हितं?"

अक्कानं घमेलं टाकलं. फळीवरच. वाळू खाली सांडली आणि मुकादम ओरडला. ती खाली येऊन गुरुजींसमोर उभी राहिली. मायनंच सगळं सांगितलं.

गुरुजी त्या रात्री मामाकडं राहिले आणि सकाळी धोतर, टोपी नीट करून आम्हा दोघींना घेऊन शाळेत आले. आता हे सोडवतील, अशी माझी खात्री होती. माझ्या जगात गुरुजींपेक्षा मोठं माणूस नव्हतं. वाटेत अक्का पुढं पुढं चालत होती.

हेडमास्तरांनी त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला. गुरुजींनी चहाला हात लावला नाही. म्हणाले, "सर, ही पोरगी मी सहा वर्षं शिकिवली. मी नसलो तर ही शाळा चालवायची. हिला सातवीत बसू द्या, वाटलं तर मी महिनाभर हितं राहून हिची तयारी करून घेतो."

"कशाची तयारी?"

"इंग्रजीची."

हेडमास्तर म्हणाले, "तुम्ही घेणार? बरं. मग गुरुजी, बुधवारचं इंग्रजी स्पेलिंग सांगा बरं."

गुरुजींना वाटलं, ते अक्काला विचारतायत. त्यांनी तिच्याकडं पाहिलं.

"तिला नाही. तुम्ही सांगा."

कारकून हातातलं काम सोडून बघायला लागला. दारात दोन शिक्षक येऊन उभे राहिले. गुरुजी खुर्चीवर सरळ बसले. त्यांनी तोंड उघडलं, एक अक्षर म्हटलं, मग दुसरं. तिसऱ्याला अडकले. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. दारातला एक शिक्षक खोकल्यासारखं करून हसला.

"मी निजामाच्या राज्यात शिकलो सर," गुरुजी म्हणाले. "उर्दूत. मराठी लिहायला बी नंतर शिकलो. राज्य बदललं तसं आम्ही बी बदललोत."

"तेच म्हणतो मी," हेडमास्तर म्हणाले, अगदी मऊ आवाजात. "तुमच्याच पायाचा पत्ता नाही, तर त्यावर उभ्या पोरांचं काय? तुम्ही दरवर्षी अशी पोरं पास करून पाठवता आणि निस्तरायचं आम्ही. चहा घ्या, गार होतोय."

गुरुजींनी चहा घेतला. मला वाटलं होतं, घेणार नाहीत. पण त्यांनी कप उचलला आणि सगळा चहा प्यायला, कारण नको म्हणायचं बळही त्यांच्यात उरलं नसावं. मग सगळ्यांना नमस्कार करून ते उठले.

शाळेच्या फाटकाबाहेर ते अक्काला म्हणाले, "मी तुला इंग्रजी शिकिवलंच न्हाई बाई. मला येतच नव्हतं."

"तुम्ही बाकीचं समदं शिकिवलं गुरुजी."

"बाकीचं त्यानं इचारलं न्हाई," गुरुजी म्हणाले. आम्ही त्यांना एसटी स्टँडपर्यंत पोचवलं. गाडीत बसल्यावर त्यांनी खिडकीतून बाहेर पाहिलं नाही. पुढं ते निवृत्त झाले आणि आमच्या गावच्या शाळेत बरीच वर्षं कुणी आलं नाही, असं ऐकलं.

अक्काचं लग्न कंधारकडच्या एका खेड्यात झालं. तिला विचारलं नाही कुणी. मी त्याच शाळेत शिकत राहिले. बक्षिसं मिळवली, हेडमास्तरांनी दरवर्षी माझ्या डोक्यावर थोपटलं, आणि पाहुणे आले की मला पुढं उभं करून ते सांगायचे, "दुष्काळात आलेली मुलगी. बघा, शाळेनं कुठं नेलं." मी मान खाली घालून उभी राहायचे. दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाले तेव्हा पेढे घेऊन अक्काकडं गेले. तिनं पुडा हातात घेतला, उघडला आणि दारातल्या शेळीपुढं धरला. एक एक पेढा शेळीनं खाल्ला. मी बघत राहिले.

"राग नगं धरू," ती म्हणाली. "त्या शाळंला आपल्या दोघीतली एकच लागत हुती. दाखवायला."

मी रडत परतीच्या गाडीत बसले. तेव्हा मला तिचा राग आला होता. पुढं डीएड करून मी शिक्षिका झाले, आधी उमरीकडं, मग नांदेडला. आमच्याही शाळेत वीटभट्टीवरची, तेलंगणातून आलेली, ऊसतोडीहून अर्ध्या वर्षात परतलेली पोरं येतात. शिक्षकांच्या खोलीत त्यांच्याबद्दल काय बोललं जातं ते मी रोज ऐकते. भाषा बदलली आहे, मुद्दा तोच, निकाल. मी भांडते, कधी जिंकते, बरेचदा हरते. दर वर्षी एखादं पोर मागच्या भिंतीला टेकून बसलेलं असतं आणि त्याला काय येतं हे कुणी विचारलेलं नसतं.

अक्काला एक मुलगी झाली. ती चौथीत होती तेव्हा पुन्हा दुष्काळ पडला आणि अक्काचा नवरा ऊसतोडीला निघाला. तिकडं कोयत्याला जोडी लागते, नवरा-बायकोची. मुकादमानं गाडी दारात आणून उभी केली. अक्का म्हणाली, "मी येनार न्हाई. पोरीची शाळा मोडायची न्हाई."

गावातल्या बायका तिला समजवायला आल्या. सासू तिच्या अंगावर धावून गेली. नवऱ्यानं मारलं, गाडीतल्या लोकांसमोर. अक्का उंबऱ्यात बसली ती उठली नाही. शेवटी तो एकटाच गेला. तिकडं त्यानं जोडीला दुसरी बाई घेतली, आणि हंगाम संपला तरी ती बाई सुटली नाही. तो परत आला तो तिला घेऊनच, पण दुसऱ्या गावात घर करून राहिला.

मी तेव्हा नांदेडहून धावत गेले. म्हटलं, पोरगी माझ्याकडं दे, मी शिकवते. अक्का म्हणाली, "न्हाई. हितल्या पोरीला हितंच शिकू दे. उठून गेलं की माणूस खाली बसतंय."

अक्कानं ते केलं. रानात, दुसऱ्याच्या शेतात, मिळेल ते काम करून तिनं त्या पोरीला एक दिवस शाळा चुकू दिली नाही. सातवीनंतर पोरगी एसटीनं कंधारला जायची. बारावी झाली, नर्सिंग झालं, आता लातूरच्या एका मोठ्या दवाखान्यात आहे. आणि ती आईशी नीट बोलत नाही. मला म्हणते, "मावशी, तिच्या हट्टापायी माझा बाप गेला. मी शिकावं म्हणून तिनं हे केलं असं ती सगळ्यांना सांगते. मी सांगितलं होतं का? मी चौथीत होते. मला बाप पाहिजे होता." मी तिला तिच्या आईची सगळी गोष्ट सांगितली, शाळेची, पाण्याची, गुरुजींची. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे हेडमास्तरावरचा राग तिनं माझ्या बापावर काढला."

मागच्या वेळी अक्काकडं गेले तेव्हा ती अंगणात तुरीच्या शेंगा निवडत बसली होती. मी विचारलं, पोरगी येते का?

"येती की दिवाळीला. आधी बापाकडं जाती, मग इकडं. एक रात ऱ्हाती."

"तुला वाईट नाही वाटत?"

तिनं मान वर केली. "वाटतं की. का वाटनार न्हाई? मला काय दगडाची समजलीस?" मग पुन्हा शेंगांकडं बघत म्हणाली, "पर शिकली न्हवं. आता तिला कुनी खाली बसवनार न्हाई. मला बी बोलती तर वरूनच बोलती."

ती हसत होती की नाही, मला नीट दिसलं नाही. तिनं शेंगांवर आलेल्या कोंबड्या हाकलल्या आणि विचारलं, जेवून जाणार का पाचची गाडी धरायची आहे.